‘येस’ कुठे म्हणावे, ‘नो’ कुठे?



मागील दोन लेखांकांत आपण इंग्रजी क्रियापदांच्या काळांचा विचार केला. तो विषय अवघड खरा. परंतु त्यात चूक झाली तर फार तर ऐकणारा मनातल्या मनात हसतो, आणि आपला अर्थ बहुधा त्याला कळतो. आज ज्या दोन शब्दांकडे वळावयाचे आहे ते मात्र असे की, त्यांत चूक झाली म्हणजे ऐकणारा हसत नाही. आपण सांगितले त्याच्या नेमके उलट तो खरे मानून चालतो, आणि चूक झाली हे दोघांपैकी कोणाच्याच ध्यानी येत नाही. ते शब्द म्हणजे ‘येस’ आणि ‘नो’.

आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाची हकीगत सांगतो. हॉटेलच्या कामाचे शिक्षण घेऊन तो जहाजावर नोकरीस निघाला होता. कागदपत्रे झाली, मुलाखत उत्तम झाली, शेवटी वैद्यकीय तपासणीचा दिवस आला. डॉक्टर घाईत होते. समोरच्या छापील कागदावर ते एकेक खूण करीत चालले होते आणि तोंडाने विचारीत होते. एका ठिकाणी त्यांनी विचारले, ‘यू हॅव नेव्हर हॅड टीबी, हॅव यू?’ मुलाने नम्रपणे उत्तर दिले, ‘येस, सर.’ त्याच्या मनात होते ते असे: होय साहेब, आपण म्हणता ते अगदी बरोबर, मला क्षय कधीच झालेला नाही. डॉक्टरांनी मान वर करून विचारले, ‘व्हेन?’ म्हणजे केव्हा झाला होता? मुलगा गोंधळला. काहीतरी बिघडले एवढे त्याला कळले, आणि घाबरून तो म्हणाला, ‘नो, सर.’ आता डॉक्टरांना वाटले की हा पहिल्याने खरे बोलून गेला आणि आता लपवीत आहे.

पुढे छातीचे निराळे फोटो, थुंकीची तपासणी, तज्ज्ञाचा दाखला, असे सर्व सोपस्कार झाले. त्यांतून काहीच निघाले नाही, कारण निघण्यासारखे काही नव्हतेच. परंतु दाखला हाती पडेपर्यंत जहाज निघून गेले होते. पुढची जागा मिळण्यास तीन महिने लागले. आईने पतपेढीतून कर्ज काढले होते, त्याचे हप्ते ते तीन महिने थांबले नाहीत. ती बाई माझ्याकडे आली तेव्हा तो कागद घेऊनच आली होती. त्यावर ‘येस’ या शब्दाभोवती शाईने गोल केलेला होता. तिने मला एवढेच विचारले, ‘फादर, पोरगा खोटं तर बोलला नाही ना?’

तो खोटे बोलला नव्हता. तो इंग्रजी शब्दांत मराठी बोलला होता.

हे कसे होते ते नीट पाहू. मराठीत आपण ‘हो’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या बोलण्याला दुजोरा देत असतो. ‘तू बाजारात गेला नाहीस?’ असे कोणी म्हटले, तर ‘हो, नाही गेलो’ असे आपण सहज म्हणतो. तुमचे म्हणणे खरे, मी गेलो नाही. येथे ‘हो’ आणि ‘नाही’ शेजारी शेजारी बसतात आणि त्यांचे भांडण होत नाही. ‘नाही, गेलो नाही’ असेही आपण म्हणतो, तेही चालते. आणि गेलोच असू तर? ‘नाही कसा? गेलो होतो!’ असे म्हणतो, किंवा नुसते ‘गेलो की!’ म्हणजे मराठीत नकारार्थी प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरे दोन्ही अर्थांनी येऊ शकतात, आणि खरा निर्णय मागून येणारे क्रियापद देते. क्रियापद आले नाही तर आपण मानेकडे पाहतो, चेहऱ्याकडे पाहतो, आणि तेवढ्यानेही उलगडा झाला नाही तर सरळ विचारतो, ‘हो म्हणजे काय? गेलास की नाही?’ घरात हे दिवसातून दहादा होते आणि कोणाचे काही अडत नाही.

इंग्रजीचा दंडक निराळा आहे. तेथे ‘येस’ आणि ‘नो’ हे शब्द विचारणाऱ्याच्या वाक्याकडे पाहत नाहीत, घडलेल्या गोष्टीकडे पाहतात. गोष्ट घडली असेल तर ‘येस’, घडली नसेल तर ‘नो’. मग प्रश्न सरळ असो, नकारार्थी असो, शेपटीचा असो की बिनशेपटीचा असो. ‘डिड यू गो?’ असे विचारा, ‘डिडन्ट यू गो?’ असे विचारा, ‘यू डिडन्ट गो, डिड यू?’ असे विचारा; मनुष्य गेला असेल तर तिन्हींचे उत्तर ‘येस, आय डिड’, आणि गेला नसेल तर तिन्हींचे उत्तर ‘नो, आय डिडन्ट’. ‘येस’च्या मागे ‘नॉट’ असलेले क्रियापद इंग्रज माणूस सहसा ठेवीत नाही, आणि ‘नो’च्या मागे सरळ क्रियापद ठेवीत नाही.

यावरून एक व्यवहारी युक्ती निघते. प्रश्न नकारार्थी आला आणि मनात गोंधळ झाला, तर त्यातील ‘नॉट’ आणि ‘नेव्हर’ मनातल्या मनात पुसून टाकावेत आणि उरलेल्या सरळ प्रश्नाचे उत्तर द्यावे. ‘यू हॅव नेव्हर हॅड टीबी, हॅव यू?’ यातील ‘नेव्हर’ पुसला की उरते, तुला क्षय झाला आहे काय? उत्तर, ‘नो, सर.’ आणि त्यावर क्रियापदाचे कुलूप लावावे: ‘नो, सर, आय हॅवन्ट.’ एकटा ‘येस’ किंवा एकटा ‘नो’ नकारार्थी प्रश्नापुढे कधीही सोडू नये. क्रियापद बरोबर असले म्हणजे पहिला शब्द चुकला तरी ऐकणाऱ्याला खरे काय ते कळते, निदान तो पुन्हा विचारतो.

कोणी म्हणेल, पण मला त्याचे म्हणणे बरोबर आहे असेच सांगावयाचे असेल तर? त्यासाठीही इंग्रजीत शब्द आहेत, फक्त ते ‘येस’ नव्हेत. ‘दॅट्स राइट’ म्हणावे, ‘दॅट्स करेक्ट’ म्हणावे. ‘यू हॅव नेव्हर बीन इल?’ ‘दॅट्स राइट.’ हे निर्दोष इंग्रजी आहे. अशा ठिकाणच्या आपल्या ‘हो’चे खरे भाषांतर ‘दॅट्स राइट’ हेच आहे. शाळेत मात्र आपण ‘हो म्हणजे येस’ एवढेच पाठ केलेले असते.

आपल्यासारखा घोळ घालणारे जगात पुष्कळ आहेत. जपानी माणूस हीच चूक करतो, कारण त्याच्याही भाषेत होकार हा बोलणाऱ्याच्या वाक्याला असतो. अमेरिकेत 1923 साली फ्रँक सिल्व्हर आणि अर्व्हिंग कोन या दोघांनी एक विनोदी गाणे रचले, ते त्या काळी तुफान गाजले. त्यातील ग्रीक फळवाला कोणत्याही प्रश्नाचा आरंभ ‘येस’नेच करतो, माल दुकानात नसला तरी. गाण्याचे नावच मुळी ‘येस! वी हॅव नो बनानाज’ असे आहे. अमेरिकन लोक त्यावर पोट धरून हसले. आपल्या आठवडी बाजारात मात्र त्या फळवाल्याला कोणी हसले नसते. ‘केळी नाहीत ना रे?’ ‘हो, संपली.’ यात हसण्यासारखे काय आहे?

आणि गंमत अशी की, खुद्द इंग्रजांचाही या बाबतीत एके काळी घोळ झालेला आहे. जुन्या इंग्रजीत आजच्यासारखे दोन शब्द नव्हते, चार होते: ‘ये’, ‘ने’, ‘येस’ आणि ‘नो’. सरळ प्रश्नाला ‘ये’ किंवा ‘ने’ असे उत्तर द्यावयाचे, आणि नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ किंवा ‘नो’ असे. म्हणजे ‘तू आलास का?’ याचा होकार ‘ये’, आणि ‘तू आला नाहीस का?’ याला ‘आलो की!’ असा जो होकार, तो ‘येस’. घोटाळ्याला जागाच नव्हती. पण लोक हा भेद विसरत चालले. त्यावर ज्यांनी कडक टीका केली ते दुसरे तिसरे कोणी नसून संत थॉमस मोर होत. विल्यम टिंडेल यांनी नव्या कराराचे इंग्रजी भाषांतर केले होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला एक सरळ प्रश्न विचारला जातो व तो नकार देतो. तेथे टिंडेल यांनी ‘नो’ घातला. 1532 आणि 1533 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या खंडनग्रंथात मोर यांनी त्यांना फटकारले की, प्रश्न सरळ असल्यामुळे येथे ‘ने’ हवा होता. ज्याला आपल्या भाषेतील नकार कळत नाही त्याने शास्त्राचे भाषांतर कसे करावे? वाद अर्थातच त्याहून फार मोठ्या गोष्टींवरून होता, आणि त्याचा शेवट दोघांच्याही बाबतीत दारुण झाला. मोर यांचा 1535 साली शिरच्छेद झाला आणि टिंडेल यांना 1536 साली देहान्त शासन मिळाले. परंतु मला मौज वाटते ती एका बारीक गोष्टीची. हा नियम शब्दांत मांडताना खुद्द मोर यांच्याही ग्रंथात एका ठिकाणी उलटसुलट झाले, असे पुढील काळच्या विद्वानांनी दाखवून दिले आहे. जो नियम समजावून सांगताना एवढ्या मोठ्या पंडिताची लेखणी घसरली, त्यात आमच्या पोराची जीभ घसरली तर नवल ते काय!

‘ये’ आणि ‘ने’ व्यवहारातून गेले, आणि राहिलेल्या दोघांवर चौघांचे ओझे पडले. फ्रेंच आणि जर्मन लोकांनी मात्र तो जादा शब्द अजून जपला आहे. फ्रेंच माणूस साध्या होकाराला ‘वी’ म्हणतो, आणि नकारार्थी प्रश्नाला उलटून होकार द्यावयाचा असेल तर ‘सी’ म्हणतो. जर्मन माणूस तेथे ‘डोख’ म्हणतो. आपल्या ‘गेलो की!’ मधील ‘की’ जवळजवळ हेच काम करतो, नाही का?

आयर्लंडची तऱ्हा आणखी निराळी. आयरिश भाषेत होय आणि नाही यांसाठी स्वतंत्र शब्दच नाहीत. ‘आलास का?’ याला ‘आलो’ किंवा ‘आलो नाही’ असे क्रियापदानेच उत्तर द्यावयाचे. आपणही ‘जेवलास का?’ याला ‘हो’ न म्हणता ‘जेवलो’ म्हणतोच. म्हणून वर जी क्रियापदाचे कुलूप लावण्याची सवय सांगितली, ती आपल्याला परकी वाटू नये.

आता शेपटीच्या प्रश्नांकडे वळू. विधान करावयाचे आणि त्याच्या मागे एक इवलासा प्रश्न जोडावयाचा, ही रीत पुष्कळ भाषांत आहे. आपण ‘ना?’ म्हणतो, ‘नाही का?’ म्हणतो, ‘हो ना?’ म्हणतो, ‘की नाही?’ म्हणतो. कोकणी माणूस ‘न्हय?’ म्हणतो, बेळगाव भागातील आमचे कन्नड शेजारी ‘अल्वा?’ म्हणतात, फ्रेंच माणूस ‘नेस पा?’ म्हणतो. या सर्वांत एक सोय आहे. वाक्य कोणतेही असो, शेपूट तेच. इंग्रजीत ती सोय नाही. तेथे वाक्य बदलले की शेपूट बदलते.

विधान होकारार्थी असेल तर शेपूट नकारार्थी, आणि विधान नकारार्थी असेल तर शेपूट होकारार्थी. शेपटीत क्रियापद यावयाचे ते विधानातले साहाय्यक क्रियापद, आणि नाम येत नाही, सर्वनाम येते. ‘युवर सिस्टर इज अ नर्स, इझन्ट शी?’ ‘युवर ब्रदर कॅन स्विम, कान्ट ही?’ विधानात साहाय्यक क्रियापद नसेल तर ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ यांना बोलवावे लागते. ‘दे लिव्ह इन वास्को, डोन्ट दे?’ ‘ही वेन्ट टु पुणे, डिडन्ट ही?’ एवढे कळले की शंभरातील ऐंशी वाक्ये सुटली.

उरलेल्यांत काही खड्डे आहेत. ‘नेव्हर’, ‘हार्डली’, ‘नोबडी’ या शब्दांत ‘नॉट’ दिसत नाही, पण नकार दडलेला आहे. म्हणून त्यांच्या मागची शेपूट होकारार्थी येते. ‘नोबडी टेलिफोन्ड, डिड दे?’ येथे ‘नोबडी’ एकवचनी असून शेपटीत ‘दे’ येते, हेही ध्यानात ठेवावे. ‘आय ॲम लेट’ याची शेपूट ‘आर्न्ट आय?’ अशी होते. हे व्याकरणाला धरून नाही, पण ‘ॲम’ आणि ‘नॉट’ यांचा जोड इंग्रजांच्या जिभेवर बसेना आणि हे रूप रूढ झाले. स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये ‘ॲमन्ट आय?’ असे म्हणणारे आहेत, आणि माझ्या मते तर्काने तेच बरोबर आहेत. परंतु परीक्षेत ते लिहू नये. ‘लेट्स बिगिन’ याच्या मागे ‘शॅल वी?’ येते, आणि ‘क्लोज द डोअर’ याच्या मागे ‘विल यू?’. ‘ही’ज’ असे तुटक रूप ऐकू आले तर ते ‘इज’ आहे की ‘हॅज’, हे पुढच्या शब्दावरून ओळखावे: ‘ही’ज इल, इझन्ट ही?’ परंतु ‘ही’ज गॉन, हॅझन्ट ही?’

या खटाटोपाला कंटाळून भारतीयांनी कधीच एक पळवाट काढली आहे. सर्व वाक्यांना एकच शेपूट, ‘इझन्ट इट?’ ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’ ‘ही वेन्ट होम, इझन्ट इट?’ गोव्यात आणि मुंबईत तर त्याहून आखूड, नुसता ‘नो?’ लावून काम भागते: ‘यू आर कमिंग, नो?’ हा आपला ‘ना’ किंवा पोर्तुगीज माणसाचा ‘नाउं ए’ इंग्रजी सदरा घालून आलेला आहे. शाळामास्तर यावर छडी उगारतात. मला स्वतःला यात एवढे मोठे पाप दिसत नाही. वेल्समधील लोक इंग्रजी बोलताना ‘इझन्ट इट’ असेच सरसकट लावतात, आणि लंडनच्या तरुण मुलांनी त्याचे ‘इनिट’ करून टाकले आहे. घरी, मित्रांत, बाजारात खुशाल म्हणावे. पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आणि मुलाखतीच्या खोलीत ते गुण कापून घेते, हेही खरे. म्हणून मुलांना दोन्ही रीती माहीत असाव्यात आणि कोणती कुठे वापरावी हेही माहीत असावे.

शेपटीचा अर्थ तिच्या सुरात असतो, हे पुस्तकातून शिकविणे कठीण आहे. सूर वर चढला तर बोलणाऱ्याला खरोखर माहीत नाही, तो विचारीत आहे. सूर खाली उतरला तर त्याला माहीत आहे, त्याला फक्त तुमचा दुजोरा हवा आहे. ‘आज उकडतंय, नाही?’ असे शेजारी म्हणतो तेव्हा तो हवामानाची माहिती मागत नसतो. आणखी एक तिसरी तऱ्हा आहे, ती ऐकून आपली माणसे बावरतात. विधानही सरळ आणि शेपूटही सरळ: ‘सो यू आर द न्यू टीचर, आर यू?’ याचा अर्थ, अस्सं, म्हणजे नवीन मास्तर ते तुम्हीच तर! यात कौतुक असेल किंवा टोमणा असेल. ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवावे.

नकारार्थी प्रश्न नेहमीच माहितीसाठी नसतो, आणि येथे मराठी माणसाची दुसरी फसगत होते. आमच्या गावची एक मुलगी परिचारिका म्हणून इंग्लंडला गेली. पहिल्याच दिवशी तिच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, ‘व्हाय डोन्ट यू टेक अ सीट?’ मुलीने ऐकले ते असे: बसत का नाहीस? आपले काही चुकले असे समजून तिने क्षमा मागण्यास सुरुवात केली. त्या बाई तर तिला आदराने बसावयास सांगत होत्या. ‘व्हाय डोन्ट यू’ हा इंग्रजीत आग्रहाचा प्रकार आहे, जाब विचारण्याचा नव्हे. ‘वोन्ट यू हॅव सम टी?’ हेही आग्रहच; आपण पाहुण्याला ‘चहा घेणार नाही का?’ म्हणतो तसे. याला नकार द्यावयाचा असेल तर ‘नो, थँक यू’ म्हणावे. आपल्याजवळ नाही, नव्हे आणि नको असे तीन निरनिराळे शब्द आहेत. इंग्रज तिन्ही ठिकाणी एकाच ‘नो’वर भागवितो, म्हणून ‘नको’च्या जागी तो ‘थँक यू’ची जोड देऊन नकाराची धार बोथट करतो.

याच्या उलट ‘कान्ट यू वेट?’ हा प्रश्न मात्र चांगलाच झोंबतो. थोडा दम धरवत नाही का, असा त्याचा भाव. कोणाकडे काही मागताना ‘कान्ट यू गिव्ह मी’ अशी सुरुवात चुकूनही करू नये. मराठीत ‘मला नाही का देणार?’ यात लाडिक आर्जव असते. इंग्रजीत तेच शब्द आरोप होतात. खरोखरच संकोचाने मागावयाचे असेल तर इंग्रज उलटी वाट धरतो. विधान नकारार्थी, शेपूट होकारार्थी: ‘यू कुडन्ट लेंड मी युवर अम्ब्रेला, कुड यू?’ छत्री मिळणार नाही असे आधीच धरून चालायचे, म्हणजे समोरच्याला नकार देणे सोपे जाते. हीच त्यांची सभ्यता.

‘माइंड’ या शब्दाचा घोळ तर नित्याचाच. आगगाडीत कोणी विचारतो, ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ आणि आपण सौजन्याने सरकून म्हणतो, ‘येस, येस!’ शब्दशः अर्थ झाला, होय, माझी हरकत आहे. आपण सरकलो म्हणून तो बसतो, एवढेच. येथे मराठीचाच आधार घ्यावा. ‘तुमची हरकत आहे का?’ याला आपण ‘नाही, बसा ना’ म्हणतो. तसेच ‘नो, प्लीज सिट डाउन.’

तीच गोष्ट छापील अर्जांची. परदेशी जाण्याच्या अर्जावर ‘हॅव यू एव्हर बीन रिफ्यूज्ड अ व्हिसा?’ अशा धर्तीचे प्रश्न असतात. घाईने वाचणारा ‘एव्हर’चा ‘नेव्हर’ करतो आणि ‘येस’वर खूण करून बसतो. ‘एव्हर’ म्हणजे ‘कधी तरी’, ‘नेव्हर’ म्हणजे ‘कधीच नाही’. मध्ये फक्त एका अक्षराचे अंतर आहे, आणि अर्जावर तोंडी खुलासा करण्यास कोणी बसलेले नसते. मुलांचे अर्ज भरताना वडीलधाऱ्यांनी जवळ बसावे, इंग्रजी येत नसले तरी. ‘यात काय विचारलंय ते मला मराठीत सांग’ एवढे म्हटले तरी पुष्कळ चुका तेथल्या तेथे पकडल्या जातात.

सेमिनरीत असताना आम्हाला थोडेसे लॅटिन शिकविले गेले. त्यात प्रश्नाच्या आरंभी ‘नोन्ने’ आला तर विचारणारा होकाराची अपेक्षा करतो आणि ‘नुम’ आला तर नकाराची, असा नियम आहे. ग्रीक भाषेतही असाच भेद आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रेषित एकामागून एक प्रभूला विचारतात की तो घात करणारा मी आहे काय, तेथे मूळ ग्रीकमध्ये ‘मेती’ आणि लॅटिनमध्ये ‘नुमक्विद’ हे शब्द आहेत. दोन्ही नकाराची अपेक्षा धरणारे. म्हणजे ते केवळ विचारीत नव्हते. ‘मी नव्हे ना?’ असे प्रत्येकाच्या मनातले भय त्या एका शब्दात आहे. मराठीत ते भय उतरवावयाचे तर ‘ना’ हवाच. प्रश्न विचारणारा उत्तराला आधीच एका बाजूस कलवून ठेवू शकतो, हे मला त्या वर्गात पहिल्यांदा कळले.

न्यायालयांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. ज्या प्रश्नातच हवे ते उत्तर सुचविलेले असते त्याला कायद्यात सूचक प्रश्न म्हणतात. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात असा नियम होता की, आपल्याच साक्षीदाराची सरतपासणी करताना, विरुद्ध पक्षाने हरकत घेतल्यास, न्यायालयाच्या परवानगीवाचून असे प्रश्न विचारता येत नाहीत. उलटतपासणीत मात्र विचारता येतात. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही हे तत्त्व कायम आहे. म्हणजे उलटतपासणीत ‘तुम्ही त्या रात्री घरी नव्हता, बरोबर?’ असा प्रश्न वकील खुशाल विचारू शकतो. खेड्यातला साक्षीदार नुसता ‘हो’ म्हणून मोकळा होतो. हो, घरी होतो? की हो, नव्हतो? मराठीत निदान पुन्हा विचारता येते. त्या जबानीचा इंग्रजी तर्जुमा होताना मात्र तो ‘हो’ कुठल्या बाजूला पडेल हे सांगवत नाही. साक्षीस जाणाऱ्या कोणालाही माझे सांगणे असते की, ‘हो’ किंवा ‘नाही’ यावर थांबू नका. ‘मी घरी होतो’ किंवा ‘मी घरी नव्हतो’ असे पुरे वाक्य बोला. येथे इंग्रजीचा प्रश्नच नाही, आपल्याच भाषेचा आहे.

त्या तरुणाची दुसरी तपासणी झाली तेव्हा निघण्याआधी आठ दिवस तो रोज संध्याकाळी माझ्याकडे येत असे. मी डॉक्टर होई आणि सर्व तऱ्हेने उलटसुलट विचारी. तिसऱ्या दिवशी तो इतका चिडला की मला म्हणाला, ‘फादर, सरळ विचारायला काय होतं या लोकांना?’ मला उत्तर सुचले नाही. तपासणीहून परतल्यावर त्याने सांगितले की नवीन डॉक्टरांनी तोंडाने काहीच विचारले नाही, कागद पुढे सरकवून सही घेतली. सध्या तो भूमध्य समुद्रात कुठेतरी आहे. पतपेढीचे शेवटचे दोन हप्ते राहिले आहेत.

ज्या घरांत मुले आहेत तेथे या आठवड्यात जेवताना पुढील प्रश्न मोठ्याने विचारून पाहावेत. उत्तर खरे द्यावे आणि क्रियापदासह द्यावे. नुसत्या ‘येस’ला किंवा नुसत्या ‘नो’ला गुण नाहीत.

‘यू हॅवन्ट फिनिश्ड युवर राइस, हॅव यू?’

‘डिडन्ट यू गो टु स्कूल टुडे?’

‘यू हॅव नेव्हर सीन अ शिप, हॅव यू?’

‘वुड यू माइंड पासिंग द सॉल्ट?’

आणि पुढील विधानांना शेपट्या लावून कागदावर लिहून ठेवाव्यात: ‘द कर्ड इज सावर’, ‘ग्रँडमदर स्लेप्ट वेल’, ‘नोबडी फेड द डॉग’, ‘आय ॲम युवर एल्डर ब्रदर’, ‘शी हॅज टु गो टुमॉरो’. शेवटच्या विधानात ‘हॅज’ दिसतो म्हणून ‘हॅझन्ट’ लिहू नये. का, त्याचा विचार करावा. उत्तरे पुढील अंकी.